मधली पानं

अण्णा घरी आले की आमची दिवाळी लागायची. कॅलेंडरात वसुबारस केव्हा आहे याला आमच्या खोलीत फारसा अर्थ नव्हता. धनत्रयोदशीच्या रात्री, कधी अकराला, कधी पार साडेबाराला, चाळीच्या लाकडी जिन्यावर चपला वाजायच्या. दोन पायऱ्या, जरा दम, पुन्हा दोन पायऱ्या. आई उठून स्टोव्हला पिन मारायची. आम्ही तिघं झोपलेलो असायचो, म्हणजे डोळे मिटून पडलेलो असायचो. दार उघडलं की आधी वास आत यायचा, रॉकेलचा, शाईचा, शिशाचा. मागून अण्णा.

अण्णा खिळे जुळवायचे. गिरगावात ठाकुरद्वारच्या अलीकडे एका गल्लीत छापखाना होता, तिथे ते वयाच्या सोळाव्या वर्षी, १९५४ साली, चिकटले. शाळेत बाईंनी ‘वडील काय करतात’ विचारलं की दादा ‘छापखान्यात आहेत’ म्हणायचा, मीही तेच म्हणायचे. धाकटीने मात्र एकदा ‘आमचे वडील गोष्टी करतात’ असं सांगून टाकलं होतं आणि बाईंनी कौतुकाने आईला बोलावून घेतलं होतं. आई भलतीच ओशाळली. घरी येऊन तिने अण्णांना सांगितलं, तर ते हसायचं सोडून विचारात पडले. म्हणाले, “खोटं नाही तसं.”

गणपती पाण्यात गेले की छापखान्यात दिवाळी अंकांचा हंगाम लागे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लागली. वाचक त्यांना दुवा देतात. आमच्या आईने दिल्याचं मला आठवत नाही. भाद्रपदाच्या अखेरीपासून अण्णा रात्रपाळ्या करत. लेखक मजकूर उशिरा देत, संपादक उशिरा वाचत, जाहिराती तर सगळ्यात उशिरा येत, आणि हा सगळा उशीर शेवटी खिळे जुळवणाऱ्याच्या पायांवर जमा होई. पायांवर, कारण ते काम उभ्याने चालायचं. समोर खिळ्यांच्या केसा, डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून ओळ भरायची. मराठीला नुसती बाराखडी पुरत नाही, काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो वेगळे खिळे लागतात. अण्णांना प्रत्येकाचं घर तोंडपाठ होतं. बघावं लागत नसे. खिळ्यावरचं अक्षर उलटं, आणि ओळ वाचायची ती डोक्यावर उभी केलेली. पान छापून झालं की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या घरात. इतकं करून हाती काय उरायचं, तर रिकामी स्टिक आणि पुढच्या गोष्टीचा कागद.

तेव्हा दिवाळीची तयारी म्हणून आमच्या पिढीला जे आठवतं त्यात वडील जवळपास नाहीतच. चाळीतल्या निम्म्या घरांत हीच गत. कोणाचे गिरणीत, कोणाचे बीईएसटीत, कोणाचे गोदीत. रेशनवर सणाची जादा साखर आणि पामतेल आलं की रांगेत उभं राहायचं ते आईने किंवा दादाने. भाजणी भाजणं, दळून आणणं, चकल्या पाडणं हे बायकांचं आणि पोरांचं काम. चकल्यांचा एक दिवस आमच्या खोलीत, करंज्यांचा दुसऱ्या कोणाच्या खोलीत, अनारशांचा तिसऱ्या, असं ठरलेलं असे. बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येत. सोऱ्या सगळ्या मजल्यावर मिळून दोनच होते, त्यातल्या एकाची मूठ ढिली. कंदील दादा करायचा. कामट्या तासून सांगाडा, त्यावर पतंगी कागद, मैद्याची खळ. शेपट्या मात्र तो लावत नसे. त्या अण्णांसाठी ठेवलेल्या असत. धनत्रयोदशीच्या त्या अपरात्री, पिठलं-भात खाऊन झाल्यावर, अण्णा पट्टीशिवाय कात्री चालवून एका मापाच्या चोवीस शेपट्या कापायचे. नुसत्या नजरेने. सकाळी आम्ही उठून त्या मोजून आणि एकमेकींना लावून बघायचो.

दादा म्हणतो बावीस. हा वाद चाळीस वर्षांचा आहे.

बोनसचं एक सांगायला हवं. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. पण मालक म्हणे, तो कायदा वीस माणसं कामाला असतील तिथेच लागू. आमच्या छापखान्यात सतरा होती. अठरावा माणूस घ्यायची वेळ आली की मालक म्हणे ‘हंगाम संपू दे’, आणि हंगाम संपला की म्हणे ‘आता कशाला’. तेव्हा बोनस म्हणून पेढ्यांचा पुडा, एक्कावन्न रुपये आणि छापलेल्या अंकांपैकी एका अंकाची एक प्रत. कुठला अंक, ते मालकाच्या मनावर. पाडव्याला आईने तेल लावून ओवाळलं की अण्णा ताटात ती प्रत ठेवायचे. दुसरं काय ठेवणार? शाई पुरती वाळलेली नसायची, आईच्या अंगठ्यावर उठायची. आई ताट बाजूला ठेवून आधी अंक नाकाशी धरायची, मग पदराला हात पुसायची. चेष्टा म्हणून धाकटीने एकदा विचारलं, “तुला साडी नको का गं वाटत?” आई म्हणाली, “वाटते की. पण साडी वाचता येते का?”

अंक एकच घरी येई, पण प्रुफं पाच-सहा अंकांची. गॅलीची प्रुफं म्हणजे लांबच लांब अरुंद कागद, एका बाजूला छापलेले, दुरुस्त करून झाल्यावर रद्दीत जाणारे. अण्णा ते गुंडाळी करून आणत. फराळाच्या डब्यांना तळाशी तेच. शेजारी द्यायच्या ताटावर झाकायला तेच. चिवडा संपत आला की त्याखालची गोष्ट वर यायची. शेंगदाण्यांच्या तेलाने मधली अक्षरं पारदर्शक झालेली, कडेला लाल शाईच्या खुणा. आम्ही तिघांनी खरं वाचन तिथे केलं. बालभारतीचं ‘किशोर’ आणि लायब्ररीतला ‘चांदोबा’ होताच, पण डब्याच्या तळाची मजा वेगळी, कारण तिथे गोष्टीला सुरुवातही नसे आणि शेवटही नसे.

अशी एक गोष्ट आम्हाला आयुष्यभर पुरली. साल १९७६ असावं. धो धो पावसात एक माणूस रात्री एका लहानशा स्टेशनात उतरतो. फलाटावर कंदील घेऊन स्टेशनमास्तर उभा. तो कंदील वर धरून त्या माणसाचा चेहरा बघतो आणि म्हणतो, ‘तुम्ही पुन्हा आलात?’ संपलं. खाली डब्याचा पत्रा. दादाचं म्हणणं, तो माणूस मेलेला होता. माझं म्हणणं, त्याने पूर्वी त्या गावात कोणाला तरी फसवलं होतं. धाकटी तेव्हा सात वर्षांची, ती म्हणाली, छत्री विसरला असेल. आम्ही ती गोष्ट वर्षानुवर्षं पुढे नेली. दादाच्या लग्नात वऱ्हाड उतरवून घ्यायला गेलो तेव्हा स्टेशनवर मी वहिनीच्या काकांना कंदील नसतानाही तेच वाक्य टाकलं होतं. त्यांना अर्थातच कळलं नाही.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षीची दिवाळी आली तरी मिटला नव्हता. आमच्या मजल्यावर दोन घरं गिरणीची. त्यांच्या दारावर कंदील लागले नाहीत. आईने त्या वर्षी चिवडा दुप्पट केला आणि आमच्या घरात चकली केली नाही, एवढंच मला ठाऊक आहे. त्यावर ती काही बोलली नाही. दिलेलं ताट रिकामं परत करायचं नाही अशी रीत. त्या दोन्ही घरांतून आमची ताटं परत आली तेव्हा प्रत्येकात चिमूटभर साखर होती, रेशनची, जाड दाण्याची.

१९८६ मध्ये आम्ही डोंबिवलीला आलो. दोन खोल्या, स्वतःचं न्हाणीघर, आणि अण्णांना रोज जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास. दादरला गाडी बदलून चर्नी रोड. पुढे ऑफसेट आलं, मग संगणकावरचं जुळवणं आलं, आणि १९९१ मध्ये छापखान्याने खिळे वजनावर मोडीत काढले. त्या दिवशी अण्णा नेहमीच्या गाडीने घरी आले. खिशातून सुतळीने बांधलेल्या तीन लहान चळती काढून टेबलावर ठेवल्या. आमच्या तिघांची नावं. “बाकी भट्टीत जाणार,” म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुढे तेरा वर्षं त्यांनी प्रुफं तपासली, घरी बसून, दिवसाला ठरावीक पानं.

आता ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. आईला जाऊन सहा वर्षं झाली. ते दादा-वहिनीकडे असतात. मी नाशिकहून येते, धाकटी बडोद्याहून. पूर्वी ‘यंदा जमेल असं वाटत नाही’ हे वाक्य आम्ही दोघी सर्रास वापरायचो. सासरची दिवाळी, मुलांच्या परीक्षा, रजा. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी अण्णांना फोनवर तसं म्हणाले. ते म्हणाले, “हो, हो, काम असेल तर येऊ नकोस.” त्यांच्या आवाजात रुसवा अजिबात नव्हता. कामासाठी दिवाळीला घरी न येणं त्यांना खरोखरच समजत होतं, आणि त्यानेच मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून आम्ही दोघी धनत्रयोदशीलाच येऊन पडतो. गाड्यांना उशीर होतो, जिना चढून दारात पोहोचेतो अकरा वाजतात. अण्णा अंथरुणावर डोळे मिटून पडलेले असतात.

नरकचतुर्दशीला त्यांना आंघोळ घालणं हे आता सगळ्यांत मोठं काम. न्हाणीघरात तेल सांडलं आणि पाय सरकला तर काय, या धास्तीने दादाने एक पद्धत बसवली आहे. हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रं पसरायची, त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची, आणि तेल-उटणं सगळं तिथेच. मग अंग कोरड्या पंच्याने पुसून, पावलांचं तेल नीट टिपून, एक हात दादाच्या खांद्यावर आणि एक भिंतीतल्या दांडीवर ठेवून आत. मोती साबण तोच, आता हातात मोठा वाटतो इतकंच. कारीट अण्णांना अंगठ्याने फोडता येत नाही. वहिनी टाचेखाली ठेवून देते आणि म्हणते, “दाबा, ना-ना काय करताय!” ते तिच्याकडे बघत जोर लावतात. फुटलं की आम्ही सगळे ‘गोविंदा’ म्हणतो. कडू बी जिभेला लावायला मात्र कोणी तयार नसतं, ते एकटे लावतात.

तेल लावायला बसले की दादा पाठीला, मी हातांना. साठीला आलेली आम्ही भावंडं तोवर वडिलांच्या अंगाला असा हात लावत नव्हतो. आमच्या घरात पाया पडणं होतं, मिठी मारणं नव्हतं. डाव्या अंगठ्याच्या टोकाला अजून घट्टा आहे, स्टिकमधली ओळ तिथे अडवून धरायची असे. डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. मी एकदा त्या गाठींवरून हलके बोटं फिरवत होते तर म्हणाले, “त्या किर्लोस्करवाडीच्या नाहीत हो, इथल्याच.” काय म्हणायचं होतं देव जाणे, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि आम्हीही हसलो.

ऐकू कमी येतं, दिसतं बऱ्यापैकी. भिंग लागतं. विसरतात, पण सगळं नाही. परवाचं विसरतात, ‘ष्ट’ कुठल्या घरात असायचा ते विसरत नाहीत. फराळाचं म्हणाल तर वहिनी घरी फक्त चिवडा करते, बाकी बचत गटाच्या बायकांकडून येतं, आणि उत्तम असतं. पूर्वी घरचा फराळ म्हणजे काय हे डोळ्यांत पाणी आणून सांगणाऱ्या मंडळींपैकी मी नाही. आईची कंबर त्या स्टोव्हसमोर गेली. अण्णांना दात सातच. ते चकली चहात बुडवून खातात. साखर वाढलेली असल्याने करंजी अर्धी, पण रोज उरलेली अर्धी कुठे जाते ते आम्ही विचारत नाही.

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीत सगळी तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडवर जमतात. एका वर्षी नातीच्या हट्टापायी अण्णांना रिक्षाने नेलं. गर्दीने रिक्षा कोपऱ्याच्या पुढे सरकेना. ते आतूनच बघत होते, झब्बे, पैठण्या, फोटो काढणारी पोरं. अर्ध्या तासाने म्हणाले, “यांची बापमंडळी कुठे आहेत?” नात म्हणाली, “झोपलेत हो आजोबा, सुट्टी आहे ना.” त्यावर त्यांनी समाधानाने मान डोलावली. घरी आल्यावर दोनदा विचारलं, “खरंच सुट्टी असते सगळ्यांना?”

कंदील आता विकतचा आहे, पण शेपट्या काढून ठेवतो आणि पतंगी कागद आणतो. गेल्या दिवाळीत अण्णांनी कात्री धरली, हात थरथरत होता. नात कागद ताणून धरायची, ते कापायचे. शेपट्या एकीसारखी दुसरी नाही, एक तर नागमोडी. नातीने त्या सगळ्या लावल्या. कंदील वाऱ्यावर फिरला की कुठली कुठे जाते ते कळत नाही. दादा खाली उभा राहून बराच वेळ मोजत होता. चोवीस निघाल्या की बावीस ते त्याने सांगितलं नाही, म्हणजे चोवीसच असणार.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही चौघं हॉलमध्ये पसरलो होतो. पंखा, आणि बाहेर अधूनमधून एखादी लवंगी. कुठून विषय निघाला आठवत नाही, पण धाकटीने ती स्टेशनची गोष्ट काढली. म्हटलं, अण्णांनाच विचारू. आमच्या लक्षात हे इतक्या वर्षांत का आलं नाही? ज्या माणसाने अक्षर अक्षर हाताने उचलून ती गोष्ट उभी केली तो समोर बसलेला होता. दादा त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सगळं सांगू लागला. पाऊस, लहान स्टेशन, कंदील, ‘तुम्ही पुन्हा आलात?’ अण्णांचे डोळे चमकले. म्हणाले, “आठवतं. पाइका टाइप. त्यात प्रश्नचिन्हं कमी पडली होती, दुसऱ्या केसेतून आणली.”

“मग पुढे काय झालं? कोण होता तो?”

“मला काय ठाऊक?”

“अहो, तुम्ही जुळवलीत ना ती?”

“मजकूर वाटून देत असत रे,” अण्णा म्हणाले. “एका गोष्टीची कागदं तिघा-चौघांत. माझ्याकडे मधली आली. पुढची शेजारच्या केसवर गेली. त्याला विचारायला तेव्हा वेळ कुठला? आणि त्यालाही सुरुवात माहीत नव्हती.”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. सदतीस वर्षं त्यांनी मराठीतल्या कितीतरी गोष्टींची मधली पानं जुळवली होती. धाकटी एकदम म्हणाली, “आईला ठाऊक असेल. तिने वाचली असेल पूर्ण.” मग कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने अण्णाच म्हणाले, “छत्री विसरला असेल.” ते धाकटीचं जुनं उत्तर त्यांना आठवत होतं, की त्यांना स्वतःला तसं वाटलं, ते आम्ही विचारलं नाही. वहिनीने चहा आणला.

पाडव्याला ओवाळायला आई नाही. पहिल्या वर्षी आम्ही तो भाग गुपचूप वगळला. दुसऱ्या वर्षी नातीने आपणहून ताट घेतलं आणि अण्णांना ओवाळलं. नात्यात बसतं का, शास्त्रात बसतं का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, त्यांना उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. ताटात काय टाकायचं हे अण्णांना सुचेना. मी नाशिकहून येताना एक दिवाळी अंक आणला होता, तो त्यांनी उशालगतून उचलून ताटात ठेवला. मग लगेच परत मागून घेतला. “थांब, तपासून देतो.”

तेव्हापासून हेही ठरून गेलं आहे. अंक मी आणायचा. पाडव्यापासून भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत अण्णा भिंग आणि लाल पेन घेऊन तो तपासतात. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेला अनुस्वार, ‘आशीर्वाद’मधला रफार. समासात त्यांच्या त्या जुन्या खुणा, खोडायची, घालायची, वर-खाली करायची. आम्ही शेजारी बसतो. बोलणं फारसं नसतं. मधूनच मान वर करून एखादी ओळ वाचून दाखवतात, चांगली असेल म्हणून किंवा चुकीची असेल म्हणून, ते आवाजावरून कळत नाही. मधूनच झोप लागते, पेन हातात तसंच. नात टोपण लावून ठेवते. मग भाऊबीजेला दादाला ओवाळून झालं की आम्ही दोघी निघतो, आणि जिथवर तपासून झाला असेल तसा तो अंक नातीच्या परवानगीने माझ्या पिशवीत येतो.

गेल्या खेपेला नाशिकला पोहोचायला रात्रीचे साडेअकरा वाजले. पिशव्या अजून दारातच होत्या. दादाचा फोन आला. छातीत धस्स झालं.

“काही नाही गं. अण्णा झोपत नाहीयेत. तुझ्याशी बोलायचंय म्हणे.”

मग खरखर, श्वास, आणि कमी ऐकू येणारा माणूस बोलतो तसं मोठ्याने:

“पोचलीस का? बरं. एकतिसाव्या पानावर मी एक खूण केलीय बघ, खालून चौथ्या ओळीत. सकाळी उजेडात खोडरबर घे… नाही, शाई आहे ती. ब्लेडने हलकं खरवड. माझं चुकलं. छापलंय तेच बरोबर आहे.”